धर्मकाट्यावर आधी जा: इंदुरात कॅरव्हॅन-ट्रेलर घेताना, सांभाळताना आणि बदलताना

गाडीमागे जोडायचा राहता ट्रेलर बघायला गेलात की विकणारा आधी आतला पलंग, ओटा आणि छतातले रंगीत दिवे दाखवतो. तुम्ही खाली वाका, ॲक्सल बघा आणि विचारा: रिकामं वजन किती, भरून किती चालेल? या दोन आकड्यांवरच गाडी, ब्रेक, टायर, कागद आणि घाट उतरता येणार की नाही, हे सगळं ठरतं. आतला पलंग कोणताही सुतार बदलून देईल.

१. आधी स्वतःच्या गाडीची ताकद बघा

गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या क्षमतेचे दोन आकडे असतात: ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आणि ब्रेक नसलेल्यासाठी दुसरा. दुसरा बहुतेक गाड्यांना ७५० किलोच्या आतच असतो. शिवाय गाडीमागे ट्रेलर ज्या लोखंडी गोळ्यावर अडकतो, त्या जोडाच्या गोळ्यावर उभा भार किती चालतो, हा तिसरा आकडाही शोधा. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत यातलं काहीच नसतं. तसं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर मागा. ‘माझ्या ओळखीचा एक जण याच गाडीने ओढतो’ हे उत्तर नव्हे.

ब्रिटनमधले कॅरव्हॅनवाले नवशिक्यांना सांगतात की भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपलीकडे नसावं. म्हणजे गाडी १९०० किलोची असेल तर ट्रेलर १६१५ पर्यंत, आणि तेही कंपनीची मर्यादा त्याहून कमी नसेल तरच. आपल्याकडचे घाट आणि खड्डे धरले तर ६०–६५ टक्क्यांत राहिलेलं बरं.

टो-बार, म्हणजे हा गोळा धरणारा दांडा, गाडीच्या चासीच्या रेल्सना बोल्टने बसवतात. मागच्या बंपरच्या संरक्षक पाइपला गोळा वेल्ड करून देणारे शहरात भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. तो पाइप पार्किंगमधला धक्का झेलण्यापुरता असतो.

२. नवा, जुना की बांधून घेतलेला

सर्वांत मोठा सापळा बांधून घेण्यात आहे. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात उत्तम वेल्डर आहेत, पत्रा आणि फायबरचं काम करणारे आहेत, आणि ते ट्रेलर छान बांधूनही देतील. पण मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’च आहे. त्याला स्वतंत्र नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी मंजूर नमुना, चासी क्रमांक आणि निर्मात्याचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं. ‘कागद मागून होतील’ असं कोणी म्हणालं तर ॲडव्हान्स देऊ नका, कारण मागून ते होत नाहीत. शेतीच्या ट्रॉलीचा ॲक्सल घालून स्वस्तात दिलेला ट्रेलर तर वेगात चालवण्यासाठी नसतोच.

नव्यात दोन वर्ग लक्षात ठेवा: एकूण वजन ७५० किलोपर्यंत असेल तर टी-१, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंत टी-२. दोघांसाठी पुरेसा छोटा ‘टीअरड्रॉप’ पहिल्या वर्गात बसतो. उभं राहता येणारा, चौघांचा आणि संडास असलेला ट्रेलर दुसऱ्यात जातो, आणि त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच.

रुंदीची कायदेशीर मर्यादा २.६ मीटर आहे. पण रामबाग किंवा नारायण बागेतल्या गल्लीत तो वळवायचा असेल तर दोन मीटरच्या आसपासचाच बघा, आणि घेण्याआधी फाटकाची रुंदी टेपने मोजा. सोसायटीत ठेवणार असाल तर परवानगी लेखी घ्या, पुढचा वाद वाचतो.

३. जुना ट्रेलर तपासताना

ट्रेलरचं आयुष्य पाणी खातं. कोपरे, छतावरच्या खिडकीची कड, बाजूच्या दिव्यांचे स्क्रू आणि बाहेर ताणायच्या कापडी छताचा रूळ या चार जागांतून ते आत शिरतं. तिथे आतून अंगठ्याने दाबून बघा. पॅनेल दबलं, फुगलं किंवा आत कुबट वास आला तर आतली लाकडी चौकट कुजलेली आहे. ओलावामापक नेलात तर लाकडात २० टक्क्यांच्या वर गेलेला आकडा धोक्याचा समजा. दाराजवळची जमीन टाचेने दाबा, सडायला सुरुवात बहुधा तिथूनच होते. नवा रंग किंवा ताजं वॉलपेपर एकाच कोपऱ्यात दिसलं तर तो कोपरा दुप्पट वेळ तपासा.

टायरवर नक्षी भरपूर असली तरी फसू नका. ट्रेलर उभाच जास्त असतो, त्यामुळे टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. बाजूवरच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नव्या टायरांचे पैसे किमतीतून वजा करा. भारांकही बघा: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०. अकराशे किलोच्या ट्रेलरला ८८ चे दोन टायर मिळून ११२० किलो पेलतात, म्हणजे हाताशी काहीच उरत नाही. तिथे ९४ घाला.

४. कागद

इंदूरचं आरटीओ नायता मुंडल्याला आहे. जाताना हे सोबत ठेवा:

– फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र), फॉर्म २२ (निर्मात्याचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र). बॉडी वेगळ्याने बांधली असेल तर फॉर्म २२-अ
– विमा, बिल, पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो, चासी क्रमांकाचा पेन्सिलने काढलेला ठसा
– जुना असेल तर मूळ आरसी, फॉर्म २९ आणि ३०. कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५
– महाराष्ट्र, गुजरात किंवा अन्य राज्यातून आणलेला असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना-हरकत

दुसऱ्या राज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. त्यानंतर मध्य प्रदेशाचा नंबर घ्यावाच लागतो, म्हणून इथल्या कराचा आकडा सौद्याआधीच विचारून घ्या.

आरसीवर वाहनाचा वर्ग ‘कॅम्पर व्हॅन/ट्रेलर, खाजगी वापर’ असाच आला आहे ना, हे खिडकीवरच वाचा. मालवाहू ट्रेलर म्हणून नोंद झाली तर पुढे फिटनेस आणि परमिटचा घोळ मागे लागतो. खाजगी नोंद पंधरा वर्षं चालते. मात्र त्या नोंदीवर ट्रेलर भाड्याने दिलात तर अपघातात विमा कंपनी हात वर करेल, आणि तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

विम्यात बहुतेकांचा एक धागा सुटतो. ट्रेलरचा विमा असतो, पण ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेखच नसतो. खाजगी गाडीसाठी आयएमटी ३० हे पृष्ठांकन, म्हणजे पॉलिसीला जोडायची ट्रेलरची पुरवणी, मागून घ्या.

५. धर्मकाटा

ट्रेलर घरी आला, सामान भरलं, पाण्याची टाकी भरली की देवास नाक्याकडच्या एखाद्या धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, न्या आणि तीन वजनं करून पावत्या घ्या.

पहिलं: ट्रेलर सोडवून पूर्ण काट्यावर. दुसरं: गाडीला जोडून, पण काट्यावर फक्त ट्रेलरची चाकं. तिसरं: जोडलेल्या अवस्थेत फक्त गाडी. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गोळ्यावरचा भार मिळतो. समजा पहिलं १०४० आणि दुसरं ९५० आलं, तर भार ९० किलो, म्हणजे एकूण वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या जरा वर. हा भार आठ ते दहा टक्के हवा, आणि तो गाडीच्या गोळ्याच्या मर्यादेतही बसायला हवा. तिसऱ्या पावतीवरून गाडीचं स्वतःचं वजन मर्यादेत आहे का ते कळतं. गोळ्यावरचा भार हा गाडीसाठी मागच्या सीटवर बसलेल्या आणखी एका माणसासारखा असतो, हे विसरलं जातं.

ट्रकांचा काटा दहा-वीस किलोंचा फरक सहज दाखवतो. म्हणून गोळ्यावरचा भार घरीही तपासा. सपाट जमिनीवर स्नानघरातला वजनकाटा ठेवा, त्यावर लाकडाचा दांडका उभा करा आणि त्यावर कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरची गोळ्यावर बसणारी वाटी, टेकवा. दांडक्याची उंची अशी धरा की ट्रेलर आडवा समतल राहील.

भार कमी असेल तर ट्रेलरचं शेपूट डुलतं, आणि ७० च्या पुढे ते डुलणं आपोआप वाढत जातं. कारण साधं तरफेचं आहे. ६० लिटरची टाकी ॲक्सलच्या मागे दोन मीटरवर असेल आणि कपलर ॲक्सलच्या पुढे चार मीटरवर, तर भरलेली टाकी गोळ्यावरून ३० किलो उचलते. मघाचे ९० किलो रिकाम्या टाकीचे असते, तर टाकी भरल्यावर ते ६० वर आले असते आणि धोका सुरू झाला असता. म्हणून टाकी आणि बॅटरी ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, डबे-भांडी खाली मध्यभागी, आणि मागच्या भिंतीवर सायकली टांगणं बंद.

डुलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं धूड गाडीला ढकलत फिरवतं. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर चालकापाशी बसवलेल्या कंट्रोलरच्या हातदांड्याने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा, तो लगेच ताणून सरळ होतो.

६. जोड, साखळ्या, दिवे

गोळा ५० मिलिमीटरचा, कपलरही ५० चाच. दोन इंचाचा गोळा ५०.८ चा असतो. डोळ्याला फरक कळत नाही, पण कपलर नीट बसत नाही. जोडल्यावर पुढच्या छोट्या चाकाने ट्रेलरचं नाक वर उचलून बघा. गाडीचं मागचं टोक सोबत उचललं गेलं तरच कुलूप पक्कं.

साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन लावा. कपलर निसटलाच तर त्या झोळीत पडेल, रस्त्यावर रुतणार नाही. ट्रेलर सुटलाच तर त्याचा ब्रेक ओढणारी तार मात्र गोळ्यावर नुसती अडकवू नका, ती टो-बारच्या कडीत स्वतंत्र लावायची.

सात पिनांच्या सॉकेटची जुळणी मेकॅनिकला लिहून द्या: १ पिवळी, डावा इंडिकेटर, २ निळी, मागचा धुक्याचा दिवा, ३ पांढरी, अर्थ, ४ हिरवी, उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी, उजवा मागचा दिवा, ६ लाल, ब्रेकचा दिवा, ७ काळी, डावा मागचा दिवा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंदावत असेल किंवा सगळे दिवे एकत्र लुकलुकत असतील तर बल्ब बदलत बसू नका, पांढऱ्या तारेचा जोड घासून घट्ट करा. नव्या गाड्यांत मागच्या दिव्यांच्या वायरला थेट जोड मारल्यास गाडीचा संगणक चूक दाखवतो; तिथे बायपास रिले लागतो.

७. ब्रेक आणि घाट

छोट्या ट्रेलरवर बहुधा ओव्हररन ब्रेक असतो. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलरमधला दांडा दबतो आणि त्याने तारेमार्फत ट्रेलरचे ब्रेक लागतात. सपाट रस्त्यावर हे झकास चालतं. उतारावर मात्र ट्रेलर सतत ढकलत असतो, त्यामुळे ब्रेक सतत घासतो आणि तापतो. इलेक्ट्रिक ब्रेकचा जोर चालकाच्या हाताने कमी-जास्त करता येतो. इंदूरहून नर्मदेकडे उतरणारा प्रत्येक रस्ता घाटाचा असल्याने, पैसे असतील तर इलेक्ट्रिकच घ्या.

मानपूर ते धामनोदच्या उतारावर, गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या इंदूरकरांना नव्या नाहीत. अशा घाटात उतार सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये या आणि ट्रकांपासून लांब राहा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. ठामपणे दाबा, वेग उतरवा, सोडा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा आणि थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. महेश्वरला जायला जाम घाटाचा रस्ता देखणा आहे, पण त्याची वळणं ट्रेलरसाठी नाहीत.

८. वीज

आधी खर्चाचा हिशेब करा. बारा व्होल्टचा पंखा २५ वॉट, दहा तास: २५० वॉट-तास. दिवे ५०. छोटा कंप्रेसर फ्रिज उन्हाळ्यात ४०० ते ५००. फोन वगैरे ५०. दिवसाला साधारण ८००. १०० ॲम्पिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास साठवते, त्यातले अकराशे वापरा. छतावर २०० वॉटचं पॅनेल निरभ्र दिवशी ७०० ते ८०० देतं, आषाढात त्याच्या निम्म्यावरही विसंबू नका. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास घेतो, म्हणजे बॅटरीवर जेमतेम तासभर. एसी हवा असेल तर रिसॉर्टच्या आवारात, भिंतीच्या विजेवर.

सर्वांत जास्त चुका वायरच्या जाडीत होतात. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत सात मीटर, म्हणजे जाऊन-येऊन चौदा. २० ॲम्पिअरला ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात १.२ व्होल्ट रस्त्यातच जातात, १० च्या वायरीत अर्ध्या व्होल्टहून कमी. सात पिनांच्या सॉकेटमधून चार्जिंग काढू नका. ५० ॲम्पिअरचा वेगळा जोड आणि ट्रेलरच्या बाजूला करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर लावा. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडली तर ती जमेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर जळतो. फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात. महाराणी रोडवर वायर घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त मिळते, ती मोबाइलच्या चार्जरलाही नको.

बाहेरची वीज आत घेताना ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, अनिवार्य समजा. सॉकेटचा अर्थ टेस्टरने बघितल्याशिवाय जोडू नका. एक्स्टेन्शनची केबल २.५ चौरस मिलिमीटरची घ्या आणि पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवून एसी लावला तर ती वितळते.

९. पाणी आणि गॅस

एक लिटर म्हणजे एक किलो. प्रवासात टाकी एक तर पूर्ण भरलेली किंवा रिकामी. अर्धी टाकी डचमळते. पोहोचायच्या आधी दहा किलोमीटरवर भरणं सर्वांत शहाणपणाचं.

घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर आणू नका. पाच किलोचं मिळतं, तेच बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्या कप्प्याच्या तळाला भोक हवं आणि राहत्या भागाकडे एकही फट नको. गाडी चालू असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. आत दोन किलोचं एबीसी अग्निशामक दाराजवळ लावा, ओट्यामागे नव्हे.

सांडपाणी डब्यात गोळा करा आणि संडासाची कॅसेट, म्हणजे त्याच्याखालचा काढता डबा, संडासातच ओता. २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येण्याची सवय झालेल्या शहरात पावसाळी गटारात कॅसेट रिकामी करणारा फार काळ लपून राहत नाही.

१०. आतले बदल

इथे नेहमीचा सुतार बोलावला की तो घरासारखं १८ मिलिमीटरचं प्लाय लावतो. आठ बाय चारचा तसा एक ताव सुमारे ३६ किलो भरतो. पाच ताव म्हणजे १८० किलो, सनमायका वेगळा. कपाटांच्या भिंती ९ मिलिमीटरच्या करा आणि पलंगाला ॲल्युमिनियमची चौकट द्या. वजन निम्म्यावर येतं. प्लाय आयएस ७१० चं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन. जोड स्क्रू आणि गोंद दोन्हींनी, नुसत्या खिळ्यांचे जोड शंभर किलोमीटरमध्ये बोलू लागतात. दारांना ढकलून उघडणारी कुलपं लावा, चुंबकाची कपाटं पहिल्याच गतिरोधकावर भांडी ओकतात.

छताच्या पंख्याची प्रचलित खिडकी १४ बाय १४ इंचाची असते. भोक पाडायच्या आधी आतल्या चौकटीची नळी कुठे आहे ते शोधा आणि कडेला भक्कम पट्टी द्या. छतावरचा एसी ३०–४० किलोंचं वजन सर्वांत उंचावर नेतो, म्हणून खालचा, बाकाखाली बसणारा बरा. ओढदांड्यावर वेल्डिंग आणि चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोकं, या दोन गोष्टी कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. रचना बदलणारं काम कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं. ते आरटीओला विचारूनच करा आणि आरसीवर चढवून घ्या.

११. देखभाल

बेअरिंग: वर्षाला एकदा किंवा दहा हजार किलोमीटर. चाक उचलून हाताने फिरवा; घरघर आली किंवा वर-खाली हललं तर उघडा. टोपी, स्प्लिट पिन, नट काढून बेअरिंग रॉकेलने धुवा. निळसर छटा किंवा खड्डे दिसले तर बेअरिंग आणि त्याची कडी दोन्ही बदला. लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ ग्रीस तळहातावर घेऊन रोलरमध्ये दाबून भरा. चाक फिरवत नट घट्ट करा, मग एक खाच मागे घ्या. स्प्लिट पिन आणि ऑइल सील दरवेळी नवं.

सांधे: मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी. जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढा, खिडक्या आणि पट्ट्यांखाली ब्युटाइल टेप, वरून पॉलियुरेथेन सीलंट. सियागंजात बहुतेक दुकानदार आधी सिलिकॉनची नळी पुढे करतील. आंबट वासाचं सिलिकॉन पत्र्याला गंजवतं आणि पुढच्या वर्षी त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही.

उभा ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावा. निळी ताडपत्री ओल कोंडते आणि वाऱ्याने रंग घासते. हवा खेळणारं कव्हर किंवा पत्र्याची शेड यातलं एक करा.

१२. पहिल्या तीन फेऱ्या

सुट्टीच्या सकाळी दशहरा मैदानासारख्या मोकळ्या जागी रिव्हर्सचा सराव. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा: ट्रेलर ज्या बाजूला हवा, हात त्याच बाजूला. गाडी आणि ट्रेलरची घडी पडायला लागली की हट्ट न करता पुढे घेऊन सरळ करा.

मग देवासपर्यंत जाऊन परत. तीस किलोमीटरवर थांबून हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यावर, हात ठेवा: कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग किंवा ब्रेक घासतोय. दोन्ही बाजूंत फरक असेल तर गरम बाजू आधी उघडा. ऐंशी किलोमीटरच्या आत चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. एम-१२ च्या बोल्टांना साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर, पण निर्मात्याचा आकडा वेगळा असेल तर तोच.

तिसरी फेरी मुक्कामाची, उज्जैनला. मांडूला पावसाळ्यात जायची घाई सगळ्यांनाच असते, पण पहिला चिखल ट्रेलरसह अनुभवायचा नसतो. रिसॉर्टवाल्याला आधी फोन करून फाटकाची रुंदी, वळायची जागा, १६ ॲम्पिअरचं सॉकेट आणि पक्की जमीन आहे का, हे चार प्रश्न विचारा. ‘हो, हो, गाड्या येतात’ असं उत्तर आलं तर व्हॉट्सॲपवर फाटकाचा फोटो मागवा.